बयाबाईची डीपी

न्हावऱ्याच्या शिवारात बयाबाईशी कुणाचं पटत नाही. तिचंही कुणाशी पटत नाही, त्यामुळे कुणावर अन्याय झाला असं काही म्हणता यायचं नाही. साठी कधीच ओलांडलेली, अंगानं काटकुळी, पण आवाज असा की ह्या बांधावरून दिलेली शिवी तिसऱ्या बांधावरच्या माणसाला नीट ऐकू जावी. आणि शिवी देताना ती माणसाचं नाव आधी घेते, म्हणजे दुसऱ्या कुणाचा गैरसमज नको.

माहेर कवठे येमाईचं, धनगराचं. लग्न होऊन तात्याबाच्या घरी आली तेव्हा घर असं नव्हतंच. मेंढरं होती, घोडं होतं आणि घोड्यावर संसार होता. पावसाळा सरला की कोकणाकडे उतरायचं, उन्हाळ्यात परत यायचं. पुढं सासऱ्यानं न्हावऱ्याला थोडी मुरमाड जमीन घेतली, विहीर खणली, आणि हे लोक एका जागी बसले. पोरगा शंभू रांजणगावला कंपनीत लागला. तात्याबा पुरता शेतकरी झाला, टोपी बदलली, कांद्याच्या बाजाराच्या गप्पा मारू लागला. बयाबाईनं मात्र मेंढरं सोडली नाहीत. गावच्या गायरानावर ती मेंढरं हिंडवायची आणि शेतकऱ्यांना नावं ठेवायची, त्यांत नवराही आलाच.

मग एक दिवस मारुतराव तिच्या दारात आले. मारुतराव म्हणजे शिवारातलं मोठं प्रस्थ. सोसायटीचे माजी चेअरमन, भरपूर ऊस, गोठाभर गाई. एरवी हा माणूस धनगराच्या दारात गाडीवरून उतरत नाही, हॉर्न वाजवून हाक मारतो. त्या दिवशी उतरला, एवढंच नाही तर चहालाही हो म्हणाला. बयाबाईला तिथंच वास आला.

"बयाबाई, गायरानावर सोलर होतंय. ग्रामपंचायतीचा ठराव झालाय. तू तेवढी मेंढरं हलीव."

"ठराव करताना मला इचारलं व्हतं का? का माझी मेंढरं तुमच्या पडवीत बांधायचं ठरलंय?"

"आगं, दिवसा लाइट मिळंल समद्या शिवाराला. तात्याबाला रातचं दारं धराया जावं लागायचं न्हाई. तुझ्या कुकवाचा तरी इचार कर."

माणूस पक्का होता, कुठं मारायचं ते त्याला माहीत होतं. शेतीची लाइट तेव्हा बहुतेक रात्रीच यायची, म्हणून पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला, रात्रीच जावं लागायचं. तात्याबाला अंधारात धड दिसत नाही. आदल्याच महिन्यात पाणी धरताना बांधावर बिबट्या बसलेला त्याला अगदी जवळ गेल्यावर दिसला होता, आणि तो मोटरीच्या खोलीत कडी लावून उजाडेपर्यंत थरथरत बसला होता. सकाळी बयाबाईनं त्याला आधी शिव्या दिल्या, मग गरम पाणी दिलं. तेव्हापासून तो दारं धरायला गेला की ती झोपत नसे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच.

तिनं मेंढरं दिली. कवठ्याच्या भावानं टेम्पो आणला, मेंढरं चढवली आणि घेऊन गेला. बयाबाई टेम्पोमागं काही अंतर उगाच चालली, मग परत येऊन घरामागं जाऊन पोटभर रडली. मारुतरावाचा तिला त्या दिवशी जो राग आला, तो पुढं कधी उतरला नाही. उतरायला त्यानं संधीही दिली नाही म्हणा.

गायरानावर निळ्या काचांच्या रांगा उभ्या राहिल्या. भोवती तारेचं कुंपण पडलं. आणि खरोखर, सांगायला हवं, लाइट दिवसा यायला लागली. सकाळी उन्हं वर आली की थ्री फेज सुरू, दुपार कलेपर्यंत चालू. गावानं पेढे वाटले. मारुतरावांनी फ्लेक्स लावला आणि त्यावर सूर्यापेक्षा स्वतःचा फोटो मोठा टाकला. तात्याबा रात्री घोरू लागला. बयाबाई त्याच्या घोरण्याला नावं ठेवत ठेवत झोपू लागली.

हे सुख हिवाळ्यापुरतं टिकलं. सूर्यानं त्याचं काम चोख केलं होतं, माशी शिंकली ती माणसांच्या कामात.

शेतावर मोटरीच्या स्टार्टरच्या पेटीत लोक एक डबी बसवतात, तिला ऑटो म्हणतात. लाइट आली की ही डबी मोटर आपोआप चालू करते. रात्रीच्या लाइटच्या काळात तिचा उपयोग होता, माणूस घरी पांघरुणात आणि मोटर तिकडं चालू. आता लाइट दिवसा आली, माणूस शेतातच उभा, तरी ऑटो कुणी काढला नाही. का काढायचा? आपण काढला आणि शेजाऱ्यानं ठेवला तर पाणी आधी त्याचं. एवढं साधं गणित प्रत्येकाला येत होतं. म्हणून सकाळी लाइट आली रे आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरा एका झटक्यात उठायच्या. डीपी बिचारी घुमायची, कण्हायची, कधी फ्यूज जायचा आणि कधी ती स्वतःच जळायची. जळाली की नवी येईपर्यंत शिवार कोरडं. त्या उन्हाळ्यात ती दोनदा जळाली. लोकांनी सोलरला शिव्या घातल्या. पेटीतल्या डबीला कुणी काही बोललं नाही.

ह्यात सगळ्यात वाईट हाल शेवटच्या मोटरीचे, आणि तारेच्या अगदी टोकाला मोटर होती तात्याबाची. मारुतरावांच्या मोटरा डीपीला खेटून. त्या उठल्या की टोकाला विजेचा दाबच उरायचा नाही. तात्याबाची मोटर नुसती गुरगुरायची आणि एक दिवस जळाली. दारात ती उघडी पडलेली मोटर बघून बयाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. मेंढरं गेली, गायरान गेलं, आणि ज्याच्यासाठी गेलं ती लाइट मारुतरावाच्या उसात जाऊन बसली होती.

डीपी दुसऱ्यांदा बदलायला वीज कंपनीची सारिका आली. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली पोरगी, न्हावऱ्यात खोली घेऊन राहायची, खांबावर सरसर चढायची. ती चढली की खालची पोरं दात काढायची आणि ती वरून त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. त्या दिवशी मात्र ती खाली उतरून सगळ्यांवर भडकली.

"ही तिसऱ्यांदा जळाली तर माझ्याकडे येऊ नका. ऑटो काढा. कपॅसिटर बसवा, मोटर कमी विजेत चालेल आणि उरलेली दुसऱ्याला पुरेल. आणि एकेक करून चालू करा. सुरू होताना मोटर कितीतरी जास्त ओढते. सगळ्या एकदम उठल्यावर कुठली डीपी टिकेल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी निघाले. बयाबाई तेवढी थांबली.

"म्हंजी मेंढरांला पाणी पाजल्यागत की गं, पोरी."

"कसं, मावशी?"

बयाबाईनं तिला काठी आडवी धरून दाखवलं. उन्हातान्हातून आलेला कळप पाण्याच्या कुंडावर सोडला तर पुढची मेंढरं पाण्यात पडतात, कोकरं पायाखाली जातात, पाणी मातीत जातं आणि शेवटी कुणीच धड पीत नाही. म्हणून कुंडापुढं एक माणूस काठी आडवी धरून उभा राहतो, थोडी थोडी सोडतो. चार घरांचे कळप एकत्र असले तर काठी धरणाऱ्याची मेंढरं शेवटी पितात. ही रीत आहे. नाहीतर त्याच्या काठीला कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी लाइट यायच्या आत बयाबाई डीपीजवळच्या बाभळीखाली काठी घेऊन बसली. जो आला त्याला तिनं ऑटो काढायला लावला. काहींनी तिच्या तोंडाला भिऊन काढला, काहींनी डीपीला भिऊन. नंबर ठरले. हाक ती मारणार, मोटर ज्याची त्यानं चालू करायची. काठीच्या रीतीला धरून तिचा स्वतःचा नंबर शेवटचा. आणि नियमही तिनंच केला, सगळ्यांच्या देखत, मारुतरावाच्या पोराकडे, पप्पूकडे, डोळे रोखून. "ज्याच्या पेटीत ऑटो घावंल, त्याची तार पंधरवडाभर डीपीवरनं खाली. मग तो कुणी का आसंना."

पप्पू हा जेसीबीचा मालक, गॉगल लावून उसाला पाणी देणारा. तो हसला. "म्हातारे, डीपी काय तुझ्या बापाची हाय का?"

"बापाची न्हाई, माझ्या मेंढरांची हाय. ती गेली तवा ही लाइट आली. तुझ्या बापाला इचार, च्या पिऊन गेलाय माझ्या घरी."

संध्याकाळी पारावर मारुतराव म्हणाले की धनगराची बाई आता आपल्याला पाणी कसं द्यायचं ते शिकवणार, आणि तिथं बसलेले सगळे हसले. ते हसणं बयाबाईच्या कानावर घालायची गावाला घाई होतीच. तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मारुतरावांचा नंबर पुकारताना आवाज आणखी चढवला.

तरी व्यवस्था चालली, हे त्यांनाही नाकारता येईना. डीपी कण्हायची थांबली. टोकापर्यंत दाब पोचू लागला. तात्याबाची जळालेली, वाइंडिंग भरून आणलेली मोटर पाणी फेकू लागली. फक्त नंबर शेवटचा असल्यानं पाणी थोडा वेळच मिळायचं, लाइट जायची वेळ यायची. तात्याबाचा उन्हाळी कांदा तेव्हा पोसायला लागला होता. कांद्याला त्या दिवसांत पाणी कमी पडलं तर तो तिथंच थांबतो, पुढं कितीही ओता. तात्याबा रोज कुरकुर करायचा. "समद्यांचं भिजतंय, आपलंच अर्धं ऱ्हातंय. एक दीस तरी आपला नंबर आधी घे की."

"काठी माझ्या हातात हाय न्हवं? मग न्हाई घेता येत."

"मंग काठी दे कुनाला."

"कुनाला देऊ? पप्पूला?"

असे दिवस गेले आणि एका सकाळी लाइट आली तशी डीपी पुन्हा घुमली आणि फ्यूज उडाला. बाभळीखाली बसलेल्या बयाबाईनं अजून पहिली हाक मारली नव्हती. म्हणजे कुणाच्या तरी मोटरा आपोआप उठल्या होत्या. तिनं काठी उचलली आणि थेट पप्पूच्या नावानं तोंड सोडलं. त्याचा बाप, त्याचा गॉगल, त्याचा जेसीबी, काही ठेवलं नाही. लोक गोळा झाले. मारुतरावही आले. सारिकाला फोन गेला.

सारिका आली, फ्यूज बघितला. "एकट्याच्या ऑटोनं हे होत नाही. बऱ्याच जणांनी परत बसवलेत."

"समद्या पेट्या उघडा," बयाबाई म्हणाली. "पयली ह्याची."

पप्पूची पेटी उघडली. ऑटो नव्हता. मारुतरावांच्या बाकीच्या पेट्या उघडल्या. नव्हता. बयाबाईचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. पप्पूनं गॉगल काढून पुसला आणि सावकाश परत लावला. "आता तुझी उघड, म्हातारे."

"उघडा की. मी काय भिते काय?"

तेव्हा तात्याबा मध्ये आला. "आपली कशाला? आपली तर शेवटची हाय. टोकाला कोन जातंय उनाचं." तो हसत म्हणाला, पण पेटीच्या वाटेवर उभा राहिला आणि बाजूला होईना. चाळीस वर्षांच्यावर संसार केलेल्या बाईला नवऱ्याचं खोटं हसू कळायला वेळ लागत नाही. बयाबाईनं काठीनं त्याला बाजूला सारलं, सगळ्यांना मागं घेऊन टोकापर्यंत गेली आणि पेटी स्वतः उघडली.

ऑटो आतच होता. नवा कोरा.

कुणीतरी शिट्टी मारली. पप्पू इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. तात्याबा मान खाली घालून म्हणाला, "शेवटच्या नंबराला पानी पुरंना. म्हनलं, लाइट येताना थोडं आपल्याला घावंल. तू समद्या गावाला पानी वाटतीस. आपल्या वावराला कोन देनार व्हतं?"

त्यावर बयाबाईला शिवी सुचली नाही. ती पहिल्यांदाच सगळ्या गावासमोर गप्प उभी राहिली, आणि गाव ते डोळे भरून बघत राहिलं.

मारुतराव पुढं झाले. आता त्यांना मोठेपणा दाखवायचा होता, आणि तो दाखवायला यापेक्षा बरी वेळ मिळाली नसती. "जाऊ द्या. बाईमाणूस हाय, गरीब हाय. कांदा पोसतोय तिचा. तार बीर काय काढायची न्हाई. आन् आता बाकीच्यांच्या पेट्याबी नका उघडू. झालं गेलं, घरी चला."

लोक लगेच हलले. ज्यांच्या पेट्या उघडायच्या राहिल्या होत्या ते तर फारच लगबगीनं. बयाबाईनं ती लगबग बघितली. आज तिला माफी मिळाली की उद्या सकाळी एकूणएक पेटीत ऑटो परत जाणार, तिसरी डीपी जळणार, आणि पुन्हा कुणीतरी म्हणणार, लाइट रातचीच बरी व्हती. मारुतरावानं एकदा गोड बोलून तिची मेंढरं नेली होती. आता गोड बोलूनच काठी न्यायला आला होता.

"सारिका," ती म्हणाली, "आमची तार काढ."

"मावशी, कंपनीचा असा काही नियम नाही."

"कंपनीचा नसंल. आमचा हाय."

तात्याबा ओरडला. "येडी झालीस का तू? कांदा मरंल!"

"काढ म्हनते न्हवं, पोरी."

सारिकानं एकदा तात्याबाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग डीपीजवळ परत येऊन, लाइट बंद करून ती वर चढली आणि टोकाकडे जाणारी त्यांची तार सोडवली. तार खाली गवतात पडली. बयाबाई बाकीच्यांकडे वळली. "आता तुमच्या पेट्या. आज न्हाई उघडत. उद्या लाइट यायच्या आत उघडीन. ज्याला लाज आसंल त्यानं तवर बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेटीन् पेटी उघडत फिरली. एकाही पेटीत ऑटो नव्हता. सगळ्यांनी रातोरात काढून टाकले होते, त्यामुळे नियमात सापडली ती एकटी बयाबाईच. लाइट आली, डीपी शांत उभी होती, फ्यूज जागेवर होता. तिनं पहिली हाक मारली.

ऊन वाढत होतं. तात्याबा तिच्याशी बोलायचा बंद झाला. भाकरी पुढं ठेवली तर खायचा, नाही ठेवली तर तसाच निजायचा. शंभू रांजणगावहून येऊन आईशी भांडून गेला. बाया पाणवठ्यावर म्हणायच्या, मालकीण व्हायची हौस, भोग आता. मारुतरावांनी पप्पूच्या हाती निरोप धाडला, आमच्या पाइपातनं दिवसाआड पाणी सोडतो, कांदा वाचव. बयाबाईनं त्याला तिथंच उभं केलं. "आज तुमचं पानी घेतलं तर उद्या तुमी मला गप बशिवशीला. जा. तुझ्या मोटरीचा नंबर चवथा हाय, तवा ये."

पप्पू त्या दिवशी हसला नाही, एवढंच. त्याला तिची कीव आली असं मात्र समजू नका. तो बांध उतरताना दगडाला लाथ मारून गेला.

पंधरवडा संपायला आला तेव्हा कांद्याची पात पिवळी पडून आडवी झाली होती. शिवारात बाकी सगळं हिरवंगार होतं, मारुतरावांचा ऊस तर डोक्यावर गेला होता. त्या सकाळी सगळे डीपीजवळ आपापल्या नंबराची वाट बघत होते. तात्याबा वावरातून आला. मुठीत मूठभर कांदे होते, मुळं आणि मातीसकट उपटलेले. त्यानं ते तिच्या पदरात टाकले. लिंबाएवढे होते. काही तर तेवढेही नव्हते.

"ह्ये घे," तो म्हणाला. "तुझ्या काठीचं पीक."

कुणी हसलं नाही. मारुतरावसुद्धा दुसरीकडे बघत म्हणाले, "बये, आज माझा नंबर तू घे. लाव तार."

"आज न्हाई लागत. आजून दीस राहिल्यात."

तात्याबानं तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत कोकणच्या वाटेवर, उपाशी, आजारी, कुठल्याच वेळी त्यानं तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. त्यात राग नव्हता, राग तिनं ओळखला असता. तो तिचा द्वेष करत होता. बयाबाईला ते कळलं, आणि तो बरोबर आहे हेही कळलं, आणि तिला फार वाईट वाटलं. पण उठून त्याच्यामागं जाण्याइतकं वाईट वाटून चालणार नव्हतं. तो पाठ फिरवून निघून गेला.

लाइट आली. तिनं पदरातले कांदे बाजूला दगडावर ठेवले आणि काठीवर जोर देऊन उभी राहिली.

"मारुतराव," ती ओरडली, "तुमचा नंबर. करा चालू."